सव्वीस खांबांचा चढ

भातसानगर, ता. शहापूर
रविवार, ६ मार्च २००५

प्रिय जने,

पत्र बघून तुला वाटलं असेल कोणी गेलं, म्हणून आधी हे वाच: इकडे सगळे जिवंत आहेत. तुझे भावोजी अंगणात विळ्याला धार लावत बसलेत, पंकज वाशिंदला कारखान्यात गेलाय, रविवार असूनही, आणि मी खाटेवर उशी मांडीवर घेऊन लिहिते आहे. नुसता निरोपच द्यायचा तर तुमच्या नामाच्या दुकानात फोन करून ठेवता आला असता, हे मला कळतं. पण फोनवर मला एका दमात चार वाक्यं बोलता येत नाहीत. मी मध्ये थांबले की नामा ‘हॅलो हॅलो’ करून दुकान डोक्यावर घेतो. कागद बिचारा थांबतो. हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चौथी पास झालेली आहेस, चष्मा लाव आणि स्वतः वाच. मोठं आहे, दोनतीनदा टेकून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

माझ्या आजाराचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण मी अर्धंच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतो. दरवर्षीसारखंच शेण, पाला, गवत खाचरात पसरून भावोजींनी पेटवलं आणि आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून मी ओला डहाळा घेऊन कडेला उभी राहिले. वारा फिरला आणि सगळा धूर माझ्या अंगावर आला. एरवी आपण डोळे मिटून बाजूला होतो, खोकतो, वाऱ्याला चार शिव्या घालतो आणि परत उभ्या राहतो. त्या दिवशी मला बाजूलाच होता येईना. आत गेलेला श्वास बाहेर निघेना आणि तो निघाल्याशिवाय दुसरा आत येईना. भावोजींनी मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं, तिथे एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. मग त्यांनी विचारलं, विडी ओढता का. मी म्हटलं, विडी नाही, चूल ओढली, पस्तीस वर्षं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, तेच आहे हे, लहानपणापासूनचा चुलीचा धूर फुप्फुसात बसलाय, गेलं ते परत येत नाही, पण राहिलंय ते नीट सांभाळलं तर पुष्कळ वर्षं पुरतं. त्यातलं ‘परत येत नाही’ एवढंच माझ्या कानात शिरलं. पुढचं वाक्य ऐकायला मला वर्ष लागलं.

दोन पंप दिले होते, तोंडात धरून ओढायचे. गावात जो भेटेल तो सांगायचा की पंपाची सवय लागते आणि मग मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून मी ते तांदळाच्या डब्यात लपवून ठेवले आणि अगदी डोळे पांढरे व्हायची वेळ आली की एकदा ओढायचे. शिवाय पथ्य. शेजारच्या धाऊच्या आईने पथ्य सांगितलं. भात थंड, केळं थंड, दही तर विषच, अंडं उष्ण, मासळीने कफ होतो, डाळीने वात. थंड आणि उष्ण यांच्यामध्ये माझ्या वाट्याला पेज तेवढी उरली. जने, मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. झोळीच्या काट्यावर किती पोरं तोलली त्याची गणती नाही. गावातल्या प्रत्येक आईला मी दटावून सांगितलं, पोराला डाळ दे, अंडं दे, पाला घाल, नुसत्या पेजेवर पोर वाढत नाही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा ही सगळी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. त्या दिवाळीत भात भरडायला गेलो तेव्हा भावोजींनी मला गमतीने गिरणीच्या काट्यावर उभं केलं. छत्तीस किलो. गिरणीवाल्याला वाटलं काटा बिघडला, त्याने वजनं काढून परत लावली.

पण वजनापेक्षा वाईट होती ती भीती. ती तुला सांगायला मला लाज वाटत होती, आता वाटत नाही. दम लागला की भीती वाटते हे कोणालाही कळेल. पण नुसती भीती वाटली तरी दम लागतो, हे ज्याला झालंय त्यालाच कळतं. मोरीपर्यंत जायचं मनात आलं की छाती आवळायला लागायची, अजून पाय खाली टेकलेलेही नसायचे. मी जायचं टाळायला लागले. आधी विहीर सोडली, मग अंगण, मग चूल. भावोजींनी गॅस आणला तरी त्याच्यासमोर उभं राहवेना. पंकज म्हणायचा, ‘आये, तू बस, मी करतो’, आणि मला बरं वाटायचं. दिवसभर खाटेवर बसून मी माझे श्वास मोजायचे. सहा महिन्यांत पायाच्या पोटऱ्या अशा झाल्या की हात फिरवला तर हाडच लागावं. आणि खरं सांगते, त्या दिवसांत मला सारखी आई आठवायची. ती आठवली की मी घाईघाईने दुसरं काहीतरी मनात आणायचे.

मग काजल आली. तुला ती आठवायची नाही. वरच्या पाड्यावरच्या लखमाची मुलगी, माझ्या अंगणवाडीत असताना तिचं नाक पुसायचं म्हणजे मारामारी. आता ती उपकेंद्रात नर्स आहे. तापाच्या गोळ्या वाटत आली आणि मला खाटेवर बघून दारातच उभी राहिली. माझा हात हातात घेऊन दंडाभोवती बोटं फिरवली, आणि ती एकमेकांना लागली. म्हणाली, ‘बाई, तुमी अशाच बसून ऱ्हाल तं पाय चालायला इसरतील. फुप्फुसं कमजोर झाली तं पायांना जास्त काम कराया लागतं, आनी तुमी पायच मोडून ठेवलेत.’ मी तिला म्हटलं, तू मला मारायला निघालीस. ती म्हणाली, डॉक्टरांनाच विचारू. आणि खरंच जीप करून शहापूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून मला दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, घड्याळ लावून. मी चार वेळा थांबले. मला वाटलं आता ते रागावतील, खाटेवरच राहा म्हणतील. ते म्हणाले, हिराबाई, तुमचं औषध अर्धं पंपात आहे आणि अर्धं तुमच्या पायात. आणि पंपाची सवय लागत नाही म्हणाले, उलट रोज ठरल्या वेळी नाही घेतला तर काम करत नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची.

काजलने मला आधी श्वास सोडायला शिकवलं. घ्यायला नव्हे, सोडायला. आपण उलटं करतो, दम लागला की तोंड उघडून आणखी ओढत बसतो. नाकाने दोन आकडे मोजेपर्यंत घ्यायचा, आणि ओठांचा चंबू करून चार आकडे मोजेपर्यंत सोडायचा, बशीतला चहा फुंकताना सांडू नये इतपत हलकी फुंकर. उठताना सोडायचा, वाकताना सोडायचा, तांब्या उचलतानाही सोडायचा. पहिले आठ दिवस तिने मला चालवलंच नाही. खाटेवरून स्टुलावर, स्टुलावरून खाटेवर, पाच वेळा. मग दोन तांबे पाण्याने अर्धे भरून दोन हातांत, खांद्यापर्यंत वर आणि खाली. मला माझ्याच अंगणवाडीतल्या पोरांसारखं वाटायचं. फक्त आता ‘हात वर’ म्हणणारी ती होती.

मग रस्ता. आमच्या वसाहतीपासून धरणाकडे जाणारा डांबरी रस्ता आहे ना, त्याच्या कडेला विजेचे खांब आहेत. काजल म्हणाली, मिनिटं मोजू नका, खांब मोजा. पहिल्या दिवशी एक खांब जायचं आणि यायचं. भावोजी माझ्यामागे दहा पावलांवर, आणि त्यांच्या डोक्यावर घरातली निळी प्लास्टिकची खुर्ची. मी थांबले की धावत येऊन खुर्ची मांडायचे. धरणावरचे कामगार सायकल थांबवून बघायचे. एकाने विचारलं, देवजीमामा, मिरवणूक कोणाची? मला रडू यायचं, पण पहिल्या दिवसांत ती खुर्ची मागे नसती तर मी अर्धा खांबही गेले नसते. तिसऱ्या आठवड्यात काजलने खुर्ची बंद केली. म्हणाली, खुर्ची दिसली का बाईंना बसावंसं वाटतं. मग भावोजी नुसतेच मागून यायला लागले, हात मागे बांधून, फिरायला निघाल्याचं सोंग करत.

नियम मी तुला लिहून ठेवते आहे, नीट वाच. सकाळचं धुकं आणि धूर उतरल्यावर निघायचं, जेवून निदान तास झालेला असावा, डॉक्टरांनी सांगितलेला पंप आधी घ्यायचा. चालताना दोन शब्द बोलता येतील एवढ्याच वेगाने चालायचं, बोलता आलं नाही तर वेग जास्त झाला. दम लागला की घाबरून खाली बसायचं नाही, खांबाला पाठ टेकून किंवा गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकायचं आणि फुंकर घालायची. दम लागणं म्हणजे मरणं नाही, हे काजलने मला शंभर वेळा सांगितलं असेल. पण छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ओठ निळे दिसले तर मात्र पुढे एक पाऊल टाकायचं नाही, कोणाला तरी हाक मारायची. ताप असला किंवा कफाचा रंग बदलला तर त्या दिवशी चालायचं नाही, दवाखान्यात जायचं. आणि माझ्या गोळ्या, माझे पंप कोणी घ्यायचे नाहीत, ज्याचं त्याला डॉक्टरच देतील.

खाण्याचंही तेच. पोट तुडुंब भरलं की खालून छाती दाबते, म्हणून दोनदा ताटभर जेवण्याऐवजी सहा वेळा वाटीभर. सकाळी नाचणीची आंबील, मग एक उकडलेलं अंडं, ते भावोजी उकडतात आणि दर वेळी कच्चं ठेवतात. दुपारी मऊ भात, त्यावर घट्ट वरण किंवा कुळीथ, कसला तरी पाला. चार वाजता भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. ओढ्याची मासळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, सुकट असेल तर मीठ निघेपर्यंत धुऊन. जेवायच्या आधी थोडं टेकायचं, कारण चावायलासुद्धा दम लागतो. धाऊच्या आईने हे सगळं बघून कपाळाला हात लावला. पण परवा गिरणीच्या काट्यावर बेचाळीस भरले, आणि गिरणीवाल्याने या वेळी वजनं तपासली नाहीत.

आता तुला वाटेल हिरा बरी झाली. बरी झालेली नाही. कार्तिकात एका सकाळी मी चौदाव्या खांबापाशी अडकले. काही कारण नव्हतं. एक ट्रक धूळ उडवत गेला आणि छाती बंद झाली. भावोजी त्या दिवशी आले नव्हते, मीच त्यांना येऊ नका म्हटलं होतं, शहाणपणा माझा. फुंकर घालायला ओठच जमेनात. मला समोर धरणाची भिंत दिसत होती आणि वाटत होतं, आता हेच शेवटचं दिसणार, एवढं सगळं खाल्लं, एवढं चालले, ते इथे येऊन मरायला. मी खांबाला मिठी मारून उभी राहिले. आकडे मोजले, चुकले, परत मोजले. किती वेळ गेला माहीत नाही. मग एक श्वास पूर्ण बाहेर गेला, आणि मग दुसरा आला. घरी पोचल्यावर मी तीन दिवस खाटेवरून उतरले नाही. चौथ्या दिवशी उतरले. ती भीती गेलेली नाही. रोज चप्पल घालताना असते, पहिल्या खांबापर्यंत बरोबर येते. तिच्यासकट चालायचं एवढंच मी शिकले आहे.

जने, आता आईचं बोलू. मला हे तुझ्याशीच बोलता येतं, कारण तिथे आपण दोघीच होतो. त्र्याण्णव साली आपण आईला तुझ्या घरी आणलं, भाऊ नव्हता म्हणून. तिलाही हेच होतं, आता मला कळतं. तोच खोकला, तेच उंबऱ्यावर थांबून लांब कुठेतरी बघितल्यासारखं करणं. आपण कणगीच्या बाजूच्या भिंतीला गोधडी घातली आणि म्हटलं, आये, तू बस, खूप केलंस. पंधरा दिवस तू, पंधरा दिवस रजा काढून मी. टाकळा उगवला तेव्हा ती म्हणाली होती, ‘मला जरा बांधावर जाऊ द्या गो, मूठभर खुडून आनते’, आणि आपण दोघी तिच्यावर ओरडलो होतो. एकदा ती पाणी प्यायला उठली तर मी धावत जाऊन तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला वाटलं तिला कौतुक वाटलं. पेज आपण भरवायचो, दुसरं काही पचणार नाही म्हणून. दुसऱ्या वर्षी तिला उठवायला आपण दोघी लागायला लागलो, आणि तिच्यात वजन तर काहीच नव्हतं. ती गेली तेव्हा दहाव्याला सगळा गाव म्हणाला, पोरींनी आईला काडी उचलू दिली नाय. मी पदर सावरून ते ऐकलं. मला अभिमान वाटला गो. दहा वर्षं मी तो अभिमान बाळगला.

मी डॉक्टरांना विचारलं, आम्ही तिला मारलं का. ते म्हणाले, आजार होताच, औषध नव्हतं, तुम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. मग मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की ती कदाचित तेवढीच जगली असती, पण दोन वर्षं भिंतीला बसून काढावी लागली नसती. बांधावर गेली असती. हे ऐकलेलं मी कोणाला सांगितलं नव्हतं, भावोजींनासुद्धा नाही.

संक्रांतीला तुझी सून दिपिका इकडे तिच्या माहेरी आली होती, तिळगूळ द्यायला माझ्याकडे आली. मी विचारलं, जना कशी आहे, दिवाळीला पण आली नाही. पोर हसऱ्या तोंडाने म्हणाली, ‘मावशी, आईंना दम लागतो ना, आमी त्यांना काडी उचलू देत नाय. कणगीजवळ गादी घातलीय. पाण्याचा तांब्यापन हातात देतो. भात-मासळी सगळी बंद, नुसती पेज. तुमी काय काळजी करू नका.’ माझ्या हातातला तिळगूळ तिच्या हातावर पडायचा तो खाली पडला. तिच्यावर रागावू नकोस, ती चांगली सून आहे, आपण चांगल्या मुली होतो तशीच. आठ दिवसांनी मी भावोजींना वालाची पिशवी देऊन तुझ्याकडे पाठवलं, नुसतं बघून या म्हणून. ते परत आले आणि किती तरी वेळ पाय धूत बसले. मी विचारलं, जना कशी आहे. ते म्हणाले, ‘जना नाय दिसली. तुझी आई बसलीय तिथं.’

आणि त्या दिवशी भावोजी तुझ्या चढावर वर तोंड करून का चालत होते, ते दिपिकाने तुला हसत सांगितलं असेल. ते खांब मोजत होते. मीच सांगितलं होतं. एसटीच्या फाट्यापासून तुझ्या अंगणापर्यंत सव्वीस खांब आहेत, सगळे चढाचे. त्या दिवसापासून मी सपाटी सोडून धरणाचा चढ धरला आहे. काल पाच वेळा थांबून अठरा खांब झाले. सव्वीस अजून कधीच झालेले नाहीत, काजल म्हणते आणखी दोन महिने द्या. पण शिमगा झाला की तुमच्याकडे राब पेटतील, तुझ्या घराच्या खालच्या सगळ्या खाचरांत, आणि तो धूर अक्षय तृतीयेपर्यंत हलणार नाही. त्या धुरात मला चढता यायचं नाही आणि तुला तो आत बसून सोसता यायचा नाही. म्हणून मी येत्या रविवारी येते आहे, दहाच्या एसटीने, भावोजींबरोबर. तुझ्या शामला मोटारसायकल घेऊन फाट्यावर पाठवू नकोस. मला उचलून आणलं तर मी तुला कोणत्या तोंडाने ‘ऊठ’ म्हणू? सोमवारी जीप करून आपण दोघी शहापूरला डॉक्टरांकडे जाऊ, काजलने सांगून ठेवलंय. तोपर्यंत एकटीने कुठे जाऊ नकोस, पण दिपिकाचा हात धरून गादीवरून स्टुलावर बसायला लाग, फुंकर घाल, आणि तांब्या मात्र स्वतःच्या हाताने उचल. तिला म्हणावं, मावशीने सांगितलंय, रोज एक अंडं. मला फार भीती वाटते आहे जने, चढाची वाटते, आणि मी पोचायला उशीर केला असेल याची त्याहून जास्त वाटते. रविवारी फाट्यावर एसटीचा हॉर्न ऐकलास की उठायला लाग, सावकाश, मला वर यायला तास लागेल. उंबरा ओलांड आणि अंगणात येऊन उभी राहा, दिपिकाला धरून राहिलीस तरी चालेल. शेवटच्या वळणावरून तुमचं अंगण दिसतं. तिथे तू उभी दिसलीस तर वरचे खांब मी चढेन. नाही दिसलीस तर कसे चढायचे, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तुझीच, धापा टाकत का होईना पण येणारी,
हिराताई